बिननावाची चिठ्ठी

फादर, माझ्या वर्गातल्या त्या मुलीचं नाव दृढीकरणाच्या, बिशपांसमोर विश्वास कबूल करायच्या विधीच्या, यादीतून तुम्ही खोडलंत आणि खोटा मी ठरलो. "पोरं धर्मशिक्षणाच्या वर्गात जांभया देतात, रंगत आणा," तुम्हीच म्हणाला होतात. कामावरून पाय ओढत आलो, बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. "मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका, नाव नको." पोरं जागी झाली. तिनं लिहिलं, "आईसाठी रोज प्रार्थना केली, तरी ती गेली. बिशपांसमोर 'विश्वास आहे' कसं म्हणू?" चिठ्ठी तुम्ही वाचलीत. रविवारी चर्चच्या फळ्यावर गीत तीच लिहिते, म्हणून अक्षर ओळखलंत. "सर, नाव कळणार नाही म्हणाला होतात ना?" तिनं विचारलं. हा घ्या डबा. आत एकच चिठ्ठी. प्रश्न तोच, आईच्या जागी बायको. बावीस वर्षं तो गिळून शिकवतोय. अक्षर ओळखलंत? आता माझंही नाव खोडता, की दोघांना उत्तर देता?