काठाला बांधलेलं बेट

बेटाखालची मुळं तलावाच्या तळापासून आता फक्त चार बोटं वर होती. शेवंताबाईंनी काठी बुडवून तीनदा मोजलं.

माणूस गेलं की त्याच्या देहाची माती करून तिच्यावर असं तरंगतं बेट वाढवायचं आणि वर्षभरात ते पाणी शुद्ध करायला तलावात सोडायचं, ही गावाची रीत. शेवंताबाईंनी मात्र नवऱ्याचं बेट चार वर्षं काठाला बांधून ठेवलं होतं.

"वहिनी, मुळं गाळात रुतली की बेट कुजेल," नावाडी केरबा म्हणाला. "आणि दादा जिवंतपणी तरी कधी घरात ठरला का?"

बाईंना हसू आलं, डोळेही भरले. ओल्या पानांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "जन्मभर ह्यांची वाटच पाहिली, अजून पाहीन. सोडा ह्यांना, भावजी."