सताप छाटायची वेळ

“सताप छाटलास का?” आईनं भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

“उद्या छाटते,” धाकटी म्हणाली. तिला कामावर जायला उशीर होत होता.

“उद्या उद्या करता करता त्याचं लाकूड होईल. आणि ऊन उतरल्यावर छाट हो, गेल्या खेपेसारखं नको.”

गेल्या खेपेला धाकटीनं भर दुपारी कात्री चालवली होती. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्यासारखे फोड उठले. आई अंथरुणातून हसली होती. “अगं वेडे, नुसत्या चिकानं काही होत नाही. चिकाचे हात उन्हात धरले की मग भाजतं.”

सतापाचं ते उग्र वासाचं झुडूप आईनंच लावलेलं. त्याच्याशेजारच्या पायरीवरून ती घसरली आणि अंथरुणाला खिळली. हळूहळू उठतील, असं डॉक्टर म्हणाले होते. ते हळूहळू काही आलं नाही. पुढं आईनं बागेकडचा पडदा कायमचा ओढून घेतला. सतापाचं पान उशाशी ठेवायला गेलं तरी ती डोळे मिटायची. “नको गं. बघवत नाही मला.”

थोरल्या भावानं केव्हाच हात वर केले होते. उरली धाकटी. शिवणाच्या दुकानात कापड बेतायचं, घरी येऊन आईचं सगळं करायचं, यात तिचे केस पिकायला लागले. तेवढ्यात दुकानासमोरच्या घड्याळजीनं तिला मागणी घातली. तो दुसऱ्या गावी दुकान थाटणार होता.

“तू जा गं,” आई म्हणाली. “माझं काय, पिकलं पान. शेजारच्या काकू डोकावतील कधीमधी. नाही डोकावल्या तर पडून राहीन.”

अशा ‘जा’वर कोण जाणार?

संध्याकाळी धाकटी परतली तेव्हा सताप छाटलेला होता. जून फांद्या बुडाशी तिरप्या कापलेल्या, कोवळे फुटवे राखलेले. काकूंचंच काम. तिचा ऊर भरून आला. आपल्यासाठी न सांगता कोणी काही केल्याला किती दिवस झाले होते! तिनं कुंपणावरून हाक मारली, “काकू, झाड छाटलंत, उपकार झाले! हाताला फोड नाही ना आले?”

काकूंना कानानं कमीच. “हो हो, जेवले!” म्हणून त्यांनी हात हलवला.

पुढचे दोन दिवस आई अंग पुसू देईना. “थंडी वाजते,” म्हणून हात पांघरुणात घेऊन पडून राहिली. आपल्या लग्नाच्या विचारानं आई खचली, असं धाकटीला वाटलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी गाव सोडणार होता; यायचं असेल तर पिशवी भरून ये, असं त्यानं सांगितलं होतं. ती बसस्टँडवर गेली ती रिकाम्या हातानं. घड्याळजीनं तिच्या हातात पिशवी नाही हे पाहिलं आणि काय ते समजला.

“थोडे दिवस थांबू का?” त्यानं विचारलं.

“थांबून काय? ती असेतो मी सुटत नाही, आणि ती जावी असं माझ्या तोंडून निघायचं नाही. तुम्ही दुसरी बघा.”

त्यानं मान खाली घातली. गाडी सुटली. ती वळणाआड जाईपर्यंत धाकटी उभी राहिली. मग घराकडे निघाली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

“गेला?” आईनं विचारलं.

“गेला.”

“माझ्यापायी तुझं वाटोळं झालं गं.”

“असं बोलू नकोस, आई. माझं मीच ठरवलं.”

आईला रडता रडता डोळा लागला. धाकटीनं पाणी कोमट केलं, फडकं पिळलं. निदान हात तरी पुसून घ्यावेत म्हणून पांघरूण हळूच बाजूला केलं आणि आईची बाही वर सरकवली.

मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्यासारखे, ताजे फोड होते.