वाढलेली ज्योत

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा हिवाळा. रॉकेलच्या दुकानापुढे डब्यांची रांग आठ दिवस तशीच उभी होती. माणसं घरी गेली तरी डबे जागा धरून असायचे. एकाच्या कडीतून दुसऱ्याच्या कडीत दोरी ओवलेली, मध्ये कुणी घुसू नये म्हणून. गावात तेलशुद्धीचा कारखाना. अख्ख्या प्रांताचे स्टोव्ह त्याच्या जिवावर पेटायचे. पण कच्चं तेलच येईना. चोरून मिळणाऱ्या बाटलीचा भाव पाचपट झाला. "दिव्याखाली अंधार तो हाच," रांगेतल्या बायका म्हणायच्या.

शिंपिणीच्या घरात एकच बाटली उरली होती, ती सासूबाईंसाठी. म्हातारीला दमा. खाटेजवळ स्टोव्ह नसला की तिची छाती भरून यायची.

त्या संध्याकाळी कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत एकाएकी वाढली. आठ दिवस बोटभर होती. आता गल्लीतल्या भिंती तांबड्या दिसू लागल्या. "भडकली गं एकदाची," बायका म्हणाल्या. "कारखाना चालू झाला. उद्या रॉकेलची गाडी नक्की."

शिंपीण बाटली घेऊन शेजारी गेली. तिथला नवरा कारखान्यात ऑपरेटर, अजून पाळीवरच होता. त्याची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झालेली. चार दिवसांची मुलगी. दुपारपासून भिंतीपलीकडे तिचा आवाज नव्हता.

"झोपलीय का गं?"

"झोपलीय वाटतं."

"घे ही बाटली. तिला शेक दे. उद्या गाडी आली की माझी मला परत कर."

"आणि सासूबाई?"

"एका रात्रीचा तर प्रश्न. मला शिव्या देता देता ऊब येईल त्यांना."

बाळंतीण दारातून ज्योतीकडे बघत राहिली. मग मान खाली घालून तिने बाटली घेतली.

गाडी आली नाही. ज्योत एवढी वाढते ती कारखाना बंद पडताना, आतला गॅस जाळून टाकतात तेव्हा. सकाळी धुराड्यावर काहीच नव्हतं. पुढचे सोळा दिवस काहीच नव्हतं. शिंप्याने आधी कापड बेतायचं टेबल जाळलं, मग कपाटाची दारं. अकराव्या दिवशी सासूबाई गेल्या.

शिंप्याने पुढे तयार कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. ऑपरेटर त्याच कारखान्यातून निवृत्त झाला. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे.

तिचं लग्न लागलं त्या दिवशी तिच्या आईने शिंपिणीला बाजूला घेतलं. "वहिनी, ज्योत का वाढते ते मला ठाऊक होतं. ह्यांनी सांगितलेलं. मी बोलले नाही."

"तू ज्योत बघितलीस आणि मग माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हाच कळलं मला," शिंपीण म्हणाली. "हात मागे घेणारच होते. पण तुझी पोर रडत नव्हती."