अंगठ्याचा वेढा

सलूनमधल्या टीव्हीवर बातमी आली, हेवीवेट बॉक्सरने अंगठ्याच्या दुखापतीमुळे लढतीतून माघार घेतली. “दुखापत कसली? पाय लटपटले असतील,” खुर्चीतलं गिऱ्हाईक न्हाव्याला म्हणालं, “तुमच्या दादासारखे.” बाकावर पेपर वाचणाऱ्या दादाने वाकडा अंगठा मुठीत लपवला. न्हाव्याचा वस्तरा थांबला. तीस वर्षांपूर्वी दादाच्या बॉक्सिंग लढतीच्या आदल्या दिवशी न्हावीच त्याच्या हाताला पट्टी बांधत होता. दादा कोचची नक्कल करत होता, आणि हसता हसता अंगठ्याभोवतीचा वेढा राहून गेला. सरावात अंगठ्याचं हाड मोडलं. कोचने हात पाहिला असता, तर पट्टी बांधणाऱ्या धाकट्या भावाला क्लबमधून कायमचं हाकललं असतं. म्हणून दादाने हात खिशात घालून सगळ्यांसमोर सांगितलं, “लढणार नाही, घाबरलोय.” न्हाव्याने खणातून पिवळी पडलेली ती पट्टी काढून गिऱ्हाइकासमोर ठेवली. “ही बांधताना मी चुकलो.” दादाने पेपर खाली केला. “आणि हसवत होतो मी.”