वालाचं पान

मुलांनो, हातात दांडू आहे असं समजा. समोर कापणी झालेलं भाताचं शेत, पन्नास पावलांवर बांध, बांधापलीकडे हिरवा वाल उगवलेला. विटी तिथवर पोचवायची आहे. कोंडाणे गावची भागी आत्ता अशीच उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे बाजारात रबरी चेंडू मिळेनासा झाला होता, म्हणून गावची सगळी पोरं विटीदांडूवर आली होती. पोरींना कुणी खेळात घेत नसे. भागीने हट्टच धरला, तेव्हा पोरांचा म्होरक्या चांगो याने अट घातली होती, "तीन टोले. एक जरी बांधापलीकडं गेला, तर रोज खेळ. नाय गेला, तर दांडूला परत हात लावायचा नाय."

दोन टोले झाले. दोन्ही अर्ध्यातच पडले.

"जा गं, चूल फुंक जा!" चांगो ओरडला. पोरं हसली.

शेजारच्या खळ्यावर भागीची आत्या, सोनुबाई, भात झोडत होती. भागी खेळायला शिकली ती घर आणि गोठा यांच्यामधल्या बोळात, एकटीच. तिथे हात लांब केला की दांडू कुडाच्या भिंतीवर आपटायचा. मोकळ्या शेतातही तिचं कोपर पोटाशीच चिकटलेलं होतं. आत्याने ते पाहिलं.

"भागे, इकडं ये. एवढी पेंढी झोडून दे."

"आत्या, माझा टोला ऱ्हायलाय!"

"तो कुठं पळतोय? झोड."

भागीने रागारागाने पेंढी उचलली आणि कोपर दुमडूनच झोडणीच्या फळीवर आपटली. चार दाणे पडले.

"फळी काय चावती का तुला? सोड हात."

आता तिने पेंढी खांद्यामागून आणली. हात अंगाजवळून निघाले आणि फळीपाशी येता येता सरळ झाले. पेंढीचं टोक सणकन आलं. दाणे पार खळ्याच्या कडेपर्यंत उडाले. भागी त्या दाण्यांकडे बघत राहिली.

"जा आता," आत्या म्हणाली.

भागीने विटी उडवली. दांडू अंगाजवळून निघाला, विटीपाशी हात सरळ झाला. टण्णकन आवाज आला आणि विटी चांगोच्या डोक्यावरून गेली. तो धावला, बांधाच्या गवतात वाकला, विटी घेऊन परत आला.

"अलीकडंच पडली व्हती. हरलीस."

पोरं विटीभोवती जमली. विटीच्या टोकात वालाचं हिरवं पान अडकलं होतं.

भागीने विटी घेतली, पान काढलं आणि चांगोच्या हातावर ठेवलं.

"हे धर. आता तू पलीकडं जाऊन उभा ऱ्हा. परत मारते."

आणि खड्ड्यावर विटी मांडून ती वाकली.