हेरंबचं नाव

शालिनी सामंतांच्या हाताची थरथर मेंदूतल्या चिपमुळे थांबली होती. त्या चिपसाठी खासगी नेटवर्क जोडायला फरीद आला, तेव्हा शालिनीताई सकाळपासून घरभर येरझारा घालत होत्या.

"काकू, आता दोघंच चिपच्या आत येऊ शकतील," फरीद म्हणाला. "पुण्याहून डॉक्टर आणि कॅनडातून तुमचा मुलगा हेरंब."

"आत येऊन काय करता येतं?"

"हाताचं बघता येतं. झोप, मनःस्थिती कमीजास्त करता येते." त्यानं जुन्या नोंदी उघडल्या. "मार्चमध्ये हेरंबनं दुःखाची पातळी बरीच खाली आणलेली दिसतेय."

मार्चमध्ये त्यांचे यजमान गेले होते. लोक स्मशानातून परतले तेव्हा आपण शांतपणे भाजी निवडत बसलो होतो, हे त्यांना आठवलं. तेव्हापासून डोळ्यांत पाणी आलं नव्हतं आणि जिवाला चैनही पडत नव्हतं.

"पातळी आधी होती तिथे आण," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं नाव काढून टाक."

फरीदनं तसं केलं. शालिनीताई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून खूप वेळ रडल्या.

फोन वाजला. "आई, मला आत येता येत नाहीये. तू बरी आहेस ना?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "बस जरा, सांगते."