छातीच्या वर, गळ्याच्या खाली

बरोबर साडेअकराला परीक्षाकेंद्राचं गेट बंद झालं आणि पिंकी बाहेर राहिली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. कारण आत्ता सकाळचे पावणेआठ झालेत, अमरावती शंभर किलोमीटर लांब आहे, आणि सेमाडोहच्या अलीकडे बंद पडलेल्या व्हॅनमध्ये पिंकीचा बाप पुंजाराम पोरीला म्हणतोय, "टाइम हाय अजून. लय टाइम हाय."

पोलीस भरती होती. धावणं झालं होतं, गोळाफेक झाली होती, राहिला होता फक्त पेपर. पुढच्या भरतीत पिंकी वयात बसत नव्हती. गावातून पहिली बस दहाला, म्हणून नितेशची व्हॅन ठरवली. व्हॅन पिंकीच्याच वयाची होती. तिला मात्र कोणी वयोमर्यादा घातली नव्हती.

नितेशने पुढची सीट उचलली. इंजिन तिच्याखालीच होतं. तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेत तो बराच वेळ आत बघत राहिला.

"दोन बिमाऱ्या हाय, काका. पंपाचा पडदा फाटला, म्हून पेट्रोलले प्रेशरच नाही. अन् कार्ब्युरेटरची सुई घासली, म्हून जास्त आलं त थांबत नाही, वरून वाहते."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडीले भूकही सहन होत नाही अन् जेवनही."

मग त्याने मागून फवारणी पंपाची नळी काढली. एक टोक पाच लिटरच्या पेट्रोलच्या कॅनमध्ये घातलं, दुसरं सीटखाली कार्ब्युरेटरला जोडलं आणि कॅन मागच्या सीटवर बसलेल्या पुंजारामच्या हातात दिली.

"सलाईन लावली गाडीले. तुमी फक्त धरून बसा. छातीच्या खाली आली त गाडी उपाशी, गळ्याच्या वर गेली त अजीर्ण."

"कुठवर?"

"परतवाड्यालोक. तिथं नवा पंप टाकू."

व्हॅन निघाली. पिंकी पुढे, म्हणजे कार्ब्युरेटरवरच बसली होती, त्यामुळे गाडीच्या पोटातलं आधी तिला कळायचं. गचके बसले की ती पुस्तकातून मान न काढता म्हणायची, "बाबा, वर." वास आला की, "बाबा, खाली." चढावर गाडीची मागची बाजू खाली जायची, तेव्हा कॅन वर न्यावी लागे, उतारावर उलटं. घाटात चढ आणि उतार एकमेकांना विचारून येत नाहीत. तरीपण पहिल्या तासात पुंजाराम असा काही तयार झाला, की वळण दिसायच्या आधी त्याचे हात हलू लागले.

"माह्याजवळ द्या जरासं," पिंकी म्हणाली.

"तू वाच. तुहे हात थरथरले त पेपर कोन लिहीन?"

परतवाड्यात स्पेअर पार्टची सगळी दुकानं बंद होती. रविवार होता. परीक्षा रविवारी असते आणि दुकानंही रविवारीच बंद असतात, हे नितेशला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

"अमरावतीलोक धरसान, काका?"

"चाल."

चौकात मोतीराम उभा होता. पुंजारामने आणि त्याने वीस वर्षं एकाच रोपवाटिकेत रोपांना पाणी घातलं होतं. खिडकीत ओळखीचं तोंड दिसताच तो रस्त्यापलीकडून ओरडला, "पुंजाराम! जयभीम!"

पुंजारामने दोन्ही हात कपाळापर्यंत नेले. हातात कॅन होती. तीही गेली.

पिंकी "बाबा, खाली!" म्हणेपर्यंत गाडीचं पोट फुटायला आलं होतं. पेट्रोलचा भपकारा आला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. नितेशने स्पार्क प्लग काढले आणि उन्हात पापडासारखे मांडले.

"हात काहून वर केले, बाबा?"

"त्यानं जयभीम केला न."

"तोंडानं म्हनाचं होतं!"

पुंजारामने कॅन पुन्हा छातीवर आणली. "नुसत्या तोंडानं मी कधी घेतला नाही, बाई."

आठशे मीटर धावण्यात पिंकीला पैकीच्या पैकी गुण होते. अमरावती पन्नास किलोमीटर होती. ती दोनदा रस्त्याकडे बघून परत येऊन बसली. अठरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. धक्का मोतीरामनेच मारला. "साहेबीन होऊन ये, बाई!" तो म्हणाला. ह्या वेळी पुंजारामने फक्त मान हलवली.

व्हॅन केंद्रासमोर थांबली तेव्हा अकरा चौतीस झाले होते. पिंकी धावली. गेटच्या गजांतून तिने हॉलतिकीट आत धरलं. आतल्या माणसाने ते हातात न घेताच वाचलं, मग घड्याळ वाचलं, आणि म्हणाला, "ताई, मले कायले बोलता? कुलूपबी माह्यं नाही अन् चाबीबी."

ती परत आली. नितेशने इंजिन केव्हाच बंद केलं होतं. पुंजाराम मागच्या सीटवर तसाच बसला होता, कॅन छातीच्या वर, गळ्याच्या खाली. तिथून गेट दिसत नव्हतं.

"पोचलो न?" त्याने विचारलं.

"पोचलो, बाबा. ठेवा आता खाली."

"ठेवतो न. येऊनच नाही राहिले हात."

पिंकीने त्याच्या हातातून कॅन काढून घेतली. हात तिथेच राहिले. मग तिने हॉलतिकीट पुढच्या सीटवर पालथं ठेवलं आणि पेपरसाठी आणलेल्या निळ्या पेनने, खाडाखोड न करता लिहिलं:

मा. केंद्रप्रमुख यांस,

विषय : गेट उघडणेबाबत.

महोदय, अर्जदार चार मिनिटे उशिरा आली, हे मान्य आहे. तथापि अर्जदाराच्या वडिलांचे दोन्ही हात सेमाडोहपासून छातीच्या उंचीवर असून अद्याप खाली आलेले नाहीत. सबब, सदर हात खाली येईपर्यंत साडेअकराच वाजले आहेत असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.